अकरा सेकंद आणि वर चार

"डेमो चांगला की कॅसेट?" असं त्या बाईंनी मला फोनवर विचारलं, तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून आले होते. तरी क्षणभरही विचार न करता म्हणाले, "डेमो." गेली कित्येक वर्षं मी हेच उत्तर देत आलेय, न विचारतासुद्धा. या बाई जुन्या मराठी कॅसेटी जमवतात आणि इंटरनेटवर लोकांना ऐकायला ठेवतात. आमच्या 'बावखल' बँडची एकुलती एक कॅसेट त्यांना कुठल्याशा भंगारवाल्याकडे मिळाली होती, आणि मूळ डेमो माझ्या कपाटात आहे हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. त्या म्हणाल्या, "दोन्ही साफ करून शेजारी शेजारी ठेवू, मॅडम. लोकांना तुलना करायला फार आवडतं. टेपची खरखर काढू. आणि कॅसेटमध्ये त्या मोठ्या शांततेत एक करकर आवाज येतो ना, मध्येच, तोही काढून टाकू." मी म्हणाले, "काढा की. तो आमच्या ड्रमवाल्या काशीच्या स्टुलाचा आवाज. तेव्हापासून डोक्यात जातोय माझ्या." एवढं बोलेपर्यंत दूध उतू गेलं होतं.

ओटा पुसता पुसता माझी चिडचिड वाढत गेली. दुधाची नव्हे, तुलनेची. बाकीच्यांना ती गंमत वाटते. मी मात्र उमेदीची सगळी वर्षं त्या दोन कॅसेटींच्या मधल्या जागेत काढली, असं म्हटलं तरी चालेल. एका कॅसेटमध्ये माझा आवाज आहे, दुसरीत नाही.

आमचं घर वसईकडच्या नंदाखालला, केळीच्या आणि नारळाच्या बागेत. बागेच्या टोकाला गोड्या पाण्याचं एक तळं होतं. अशा तळ्याला आमच्याकडे बावखल म्हणतात. बँडला तेच नाव दिलं, कारण दुसरं कुठलं नाव चौघांना एकदम पटेना. घरात आम्ही कादोडी, म्हणजे आमच्या भागातली बोली, बोलायचो. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर माझीच नातवंडं 'हे काय' म्हणून पान उलटतील, म्हणून आयचं आणि माझ्या भावाचं बोलणं मी सरळ मराठीत लिहितेय. लिहिताना ते थोडं परकं वाटतं, त्याला इलाज नाही. त्या घरात कुणी स्वस्थ बसलेलं मला आठवत नाही. बाबा पहाटेपासून बागेत, पाट सोडायला आणि बांधायला. आय चुलीपासून अंगणापर्यंत आणि अंगणापासून मांडवापर्यंत सारखी चालत असायची. मांडवावर सोललेली राजेळी केळी उन्हात पसरलेली असत. ती दिवसातून कितीदा तरी उलटायची, माश्या वारायच्या, ऊन कलायच्या आत झाकायची. मग आठवड्याभराने त्यांची मधाच्या रंगाची चिकट सुकेळी व्हायची. मागची खोली केळी पिकवायची. तिथे असा गोड, डोक्यात चढणारा वास असायचा की नवख्याला गरगरलंच पाहिजे. आमची तालीम त्याच खोलीत चालायची. अजूनही फळवाल्याच्या गाडीवर जास्त पिकलेल्या केळ्यांचा वास आला की माझी बोटं आपोआप पट्ट्या शोधू लागतात.

पट्ट्या म्हणजे हार्मोनियमच्या. मी सोळा-सतरा वर्षांची होते आणि देवळातल्या गायनमंडळात पेटी वाजवायचे. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. तिथली गीतं मला इतकी संथ वाटायची की शेवटच्या कडव्यात मी हमखास लय वाढवायचे, आणि सिस्टर माझ्याकडे बघून डोळे मोठे करायच्या. "पायाला भिंगरी असते, या पोरीच्या बोटांना आहे," असं आय म्हणायची. माझा भाऊ बस्त्याव माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचे. तो त्याउलट, शब्द मोजून बोलणारा. त्याच्या पोटात काय चाललंय ते कळायला त्याचं गाणं ऐकावं लागे. एका लग्नात वाजवता वाजवता त्याची आणि चांदीपच्या काशिनाथची ओळख झाली. काशीचे वडील भातशेतीवाले आणि तो स्वतः लग्नाच्या बँडमध्ये ताशा बडवणारा. गोखिवऱ्याचा नितीन नंतर आला. कोकणातून आलेलं नोकरदार कुटुंब, तो स्वतः तिथल्याच एका कारखान्यात पाळीवर जायचा, आणि त्याच्याकडे खरीखुरी इलेक्ट्रिक गिटार होती. या तिघांना रॉक वाजवायचं होतं, तेही मराठीत. मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच एके दिवशी पेटी उचलून खोलीत जाऊन बसले आणि उठले नाही.

आमच्या घरात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. दुपारी बाराला देवळाची घंटा झाली की असाल तिथे, असाल तसे थांबायचं. हातातला कोयता हातात, ताटातला घास ताटात. उभं राहायचं आणि आय मोठ्याने प्रार्थना म्हणेल ती मनात म्हणायची. त्या प्रार्थनेत मरियामातेची 'नमो मरिया' तीनदा येते. संपेपर्यंत हलायचं नाही. काशीला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी घंटा झाली तेव्हा दादा आणि मी खांबासारखे उभे आणि हा आपला डोळे मिटून बडवतोय. आय दारात येऊन नुसती उभी राहिली. डोळे उघडल्यावर त्याच्या हातातली काठीच गळून पडली. प्रार्थना झाल्यावर आयने त्याला भाकरीवर सुक्या बोंबलाचं कालवण इतकं वाढलं की तो मला म्हणाला, "मार्थे, पानी दे गो, आता बसवत पन नाय." त्यानंतर बाराच्या घंटेला सगळ्यात आधी तोच उभा राहायचा.

डेमो केला तो मामाने आखातातून आणलेल्या टू-इन-वनवर. एकच माईक, तोही त्या यंत्राच्या पोटातला. म्हणून आवाजाचा तोल माणसांच्या अंतराने सांभाळायचा. काशी बाहेर ओट्यावर, नितीन दाराच्या उंबऱ्यात, दादा कोपऱ्यात गिटार घेऊन, आणि गाणारा रेकॉर्डरपासून हातभर. नितीनला आठवड्याची एकच सुट्टी, आणि नेमका त्या दिवशी दादाचा घसा पार बसला. "तू गाऊन टाक," तो मला घोगऱ्या आवाजात म्हणाला. "रफच आहे. नंतर मी गाईन." गाणं होतं 'पाटाचं पाणी'. शब्द त्याचे, चाल माझी. बागेत फिरणारं पाणीच बोलतंय असं ते गाणं. मधे वाद्यं चढत चढत जातात, एकदम थांबतात, आणि मग नुसता आवाज येतो: 'आता सांग, कुणाच्या वाफ्यात जाऊ?'

आम्ही त्या चढावर पोचलो आणि घंटा झाली. चौघेही जागच्या जागी थांबलो. आय मांडवाखाली उभी राहून प्रार्थना म्हणू लागली. रेकॉर्डर चालू होता, माझा हात त्याच्यापासून वीतभर लांब होता, पण बंद कोण करणार? हलायचं नाही म्हणजे नाही. आयची शेवटची नमो मरिया संपली, तिचं 'आमेन' आलं, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी त्याच श्वासात उचललं: 'आता सांग.' मागोमाग काशी, मग दोन्ही गिटारी. गाणं संपलं. मग काशी बाहेरून ओरडला, "ह्येच ठेवा रे! आता परत कोनी वाजवू नका!" त्या दिवशी मला जे वाटलं ते पुन्हा फारसं कधी वाटलं नाही. वाटलं, मी इथलीच, माझी जागा हीच.

नितीनच्या वडिलांच्या ओळखीने तो डेमो मुंबईतल्या एका कॅसेट कंपनीच्या साहेबाकडे गेला. दादा आणि नितीन भेटून आले ते संध्याकाळी. मी ओट्यावर पाय हलवत बसले होते. नितीन लांबूनच ओरडला, "झालं! काम झालं! फुल कॅसेट करतायत!" मी उडीच मारली. मग तो जरा अडखळला आणि साहेबाचं बोलणं जसंच्या तसं सांगू लागला: "बोले, वो बीच में जो औरत कुछ बोलती है वो निकालो, और वो बच्ची की आवाज भी. बाकी वो गॅप एकदम मस्त है, गॅप रखो." मी बच्ची! डेमो ऐकलात तर कारण कळेल. पहिल्या कडव्यात शेजारचा पंप चालू होता, व्होल्टेज पडलं, टेप हळू फिरली, आणि दुसरीकडे वाजवल्यावर माझा आवाज चिरका, पोरकट येतो. पण हे त्या साहेबाला कोण सांगणार? आयचा आणि माझा आवाज त्याने एकाच वाक्यात काढून टाकला.

"मग तू काय म्हणालास?" मी दादाला विचारलं.

"काही नाही," दादा म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

आयला सांगितलं तर ती हसली. "माझी प्रार्थना काढली तर काढली. ती काय त्यांच्यासाठी होती?" तिचं ठीक होतं. मला मात्र त्या 'काही नाही'ने आग लावली. एक शब्द बोलायचा ना, की साहेब, ही माझी बहीण, चाल हिची आहे! मी दादाशी बोलणं टाकलं. तीन आठवडे. "आय, त्याला सांग जेवण वाढलंय." "आय, तिला सांग दोन मिनिटांत येतो." आम्ही एकाच ताटाच्या अंतरावर बसून आयकडून निरोप पाठवत होतो. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मी काय पोस्टमन आहे?" आणि उठून मांडवावर गेली. एकदा-दोनदा दादा माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तोंड उघडलं. मी तिथून निघून गेले. तालमीला मात्र जायचे, कारण स्टुडिओत कीबोर्ड वाजवायला साहेबाची हरकत नव्हती.

स्टुडिओ म्हणजे एक थंडगार, बंद खोली. खाली लाकडी फळ्या, चपला बाहेर काढायच्या. काचेपलीकडे साहेब आणि मशीनवाला. गाणं एकदम, सगळ्यांनी मिळून वाजवायचं होतं. दादाचा माईक माझ्या कीबोर्डच्या शेजारीच उभा केला होता, हात लांब केला तर लागेल इतका. आता तो साहेबाचा आवडता गॅप आला. केवढा ठेवायचा? अख्ख्या प्रार्थनेएवढा तर ठेवता येत नाही. दादा म्हणाला, एक नमो मरिया. पण घंटा नाही, आय नाही, चौघांनी मनात म्हणायची तर चौघांचा वेग वेगळा. नितीनला मुळात ती येतच नव्हती, तो आकडे मोजायचा. काशीला अख्खी येत होती, चांदीपच्या त्या पोराला, शब्द न् शब्द. "पयल्या म्हैन्यातच पाठ झाली, तुझी आय बोलते ना रोज," तो म्हणाला. पण घाबरून तो भरभर म्हणायचा. तीन वेळा गाणं फसलं. काचेपलीकडचा साहेब घड्याळ बघू लागला.

"मार्थाला करू दे," काशी म्हणाला. "तिची नि आयची चाल सेम हाय. तिचं आमेन झालं की ती मान हलवेल, आनि मग बस्त्यावने उचलायचं."

म्हणजे बघा. माझी जागा ज्याला दिली, त्याला खूण मीच करायची. मी हो म्हणाले. चौथ्यांदा वाजवलं. चढ आला, सगळं थांबलं. मी पट्ट्यांवर नजर लावली आणि आयच्या वेगाने मनात सुरुवात केली. शब्द संपले. आमेन झालं. आणि मी मान हलवली नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मी मुद्दाम हलवली नाही. मला त्याला लटकत ठेवायचं होतं. कळू दे, म्हटलं, माझ्याशिवाय याला सुरुवातही करता येत नाही. मी खाली बघत राहिले. त्या शांततेत कुठेतरी करकर आवाज झाला. मला वाटलं, काशी स्टुलावर चुळबुळतोय. मग गाणं पुन्हा फसलं तर खापर माझ्यावर फुटेल म्हणून मी घाबरले आणि पटकन मान हलवली. दादाने उचललं: 'आता सांग, कुणाच्या वाफ्यात जाऊ?' साहेब काचेपलीकडे टाळ्या वाजवत उभा राहिला. "यही! यही वाला रखो! क्या गॅप लिया है!"

कॅसेट निघाली, थोडी खपली, विसरली गेली. नितीन आधी सुटला, मग काशी. दादा बागेत रमला, मी शिक्षिका झाले. दादाशी बोलणं कधीतरी आपोआप सुरू झालं, पण त्या गाण्यावर आम्ही दोघंही बोललो नाही. मी मात्र तुलना करत राहिले. डेमोत काशीचा ड्रम परात बडवल्यासारखा वाजतो, कॅसेटमध्ये तो खरा ड्रम आहे, हे मी मान्य करते. नितीनची गिटार कॅसेटमध्ये कितीतरी स्वच्छ आहे. दादा चांगला गातो, आणि मी डेमोत दोन ठिकाणी बेसूर आहे, हेही आता या वयात मान्य करायला हरकत नाही. पण घड्याळ लावून मोजलंय मी. डेमोत आयची शेवटची नमो मरिया अकरा सेकंदांची आहे. कॅसेटमधली शांतता पंधरा सेकंदांची आहे. लोक त्या शांततेचं कौतुक करतात तेव्हा मला आतून ओशाळल्यासारखं होतं, कारण त्यातली वरची चार सेकंदं म्हणजे माझा राग आहे, दुसरं काही नाही.

बाईंचा फोन आल्यावर मला चैन पडेना. मी आता वसईत तिसऱ्या मजल्यावर राहते. दुसऱ्या दिवशी दोन्ही कॅसेटी पिशवीत घातल्या आणि रिक्षा करून नंदाखालला गेले. दादा ओट्यावर बसला होता, कानाला यंत्र, पायाशी मांजर. मांडव नाही, आय तर केव्हाच गेली. वहिनीने चहा ठेवला. टू-इन-वन दादाने अजून जपलाय, कशाला ते त्यालाच माहीत. आधी डेमो लावला. आयचा आवाज आला, तिचं ते घाईघाईचं आमेन, आणि पाठोपाठ माझा आवाज. दादाने डोळे पुसले आणि डोळ्यात कचरा गेलाय म्हणाला. मग कॅसेट लावली. चढ आला. शांतता आली. मी मनात म्हणू लागले. आमेन. एक, दोन. मला राहवलं नाही.

"दादा, ही चार सेकंदं मी मुद्दाम केली," मी म्हणाले. "प्रार्थना संपली होती. तुला अडकवायचं होतं मला."

दादाने कॅसेट थांबवली. 

"संपली होती ते मला माहीत होतं," तो म्हणाला. "आयच्या वेगाची नमो मरिया मला येत नाही काय?"

"मग गायला का नाहीस?"

"मी बाजूला झालो होतो, मार्थू. माईकपासून. तुझ्याकडे तोंड करून ठेवला होता तो. साहेबाला आधी विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. म्हटलं, एकदा तू गायलीस की काय करेल? तुला सांगायला दोनदा आलो घरी, तू उठून गेलीस. म्हणून म्हटलं, तिथेच. तुझ्या ओळीला तू उचलशीलच. मी वाट बघत होतो. तू खाली बघत होतीस. मग तू मान हलवलीस. मला वाटलं, नको म्हणतेयस. तूच गा म्हणतेयस. म्हणून मग मी गायलो."

मी त्याच्यावर खेकसले. इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. तोंडाने सांगता येत नव्हतं? वाजवून झाल्यावर सांगायचं, बाहेर येऊन सांगायचं, गेल्या वर्षी सांगायचं! तो म्हणाला, "आणि तुला विचारता येत नव्हतं?" वहिनी चहा घेऊन आली आणि आमची तोंडं बघून तशीच आत गेली. मी रडले, स्पष्टच सांगते. रागाने रडले, त्याच्यावरच्या आणि माझ्यावरच्या. त्या चार सेकंदांत माईक रिकामा होता. हात लांब केला तर लागेल इतका जवळ.

मग मी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. कान अगदी जाळीला लावून बसले. चढ, शांतता, अकरा सेकंद. आमेन. आणि लगेच, आमेनच्या पाठीवर, तो आवाज. लाकडी फळीवर अनवाणी पायाचा भार पडून झालेली करकर. काशीचं स्टूल लांब कोपऱ्यात होतं. हा आवाज माईकच्या अगदी जवळून येतो. इतकी वर्षं हजारदा ऐकला असेन आणि हजारदा काशीला नावं ठेवली असतील.

घरी पोचायच्या आधी, रिक्षातूनच, मी बाईंना फोन लावला. त्यांना वाटलं मी डेमो द्यायला नकार देतेय. मी म्हणाले, दोन्ही देते, डेमोही आणि माझ्याकडची ही कॅसेटही. खरखर काढायची तर काढा. पण त्या शांततेतला करकर आवाज आहे ना, त्याला हात लावायचा नाही.

"पण काल तुम्हीच काढा म्हणालात ना मॅडम, स्टुलाचा म्हणून?" बाई म्हणाल्या. "मग कसला आहे तो?"

"माझ्या भावाने मला जागा दिली, त्याचा," मी म्हणाले.